राहिलेलं जावळ

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. दर हिवाळ्यात तिथे एक म्हातारी येई आणि सुईच्या टोकावर औषध घेऊन लेकरांचे दंड टोची. पोरं रडायची, तापायची. पण देवीची साथ त्या गावाची वाट विसरली होती.

गावात एक रिवाज होता. मामाच्या मांडीवर बसवून बाळाचं जावळ काढायचं, आणि तोवर त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही.

कुंभारणीचा लेक चांगला धावू लागला, तरी त्याचं जावळ राहिलेलंच. बारशाला भाऊ साधं कुंची-टोपडंही न घेता आला, म्हणून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

म्हातारी दारात आली. "आण गं पोराला."

"जावळाआधी लोखंड कसं लावू, आजी?"

"मग बोलाव की भावाला!"

"त्याने यावं आधी. मी का नाक घासू?"

शेजारची साळीण तान्ह्याला थोपटत हसली. "अगं, तुमच्या रुसव्यात पोराच्या वेण्या घालायची वेळ आली!"

म्हातारी मात्र हसली नाही. "हिच्या तान्ह्याला अजून सुई सोसायची नाही, बाई. त्याची राखण तुमच्याच पोरांनी करायची."

कुंभारणीने साळिणीच्या तान्ह्याकडे पाहिलं. तरी ती म्हणाली, "सगळ्या गावाने टोचलंय. माझं एकटं पोर राहिल्याने काय होतंय? पुढच्या हिवाळ्यात बघू."

उन्हाळ्यात मडकी न्यायला परगावचा गाडीवान आला. त्याच्या अंगात कणकण होती. त्याने लाडाने पोराचं जावळ कुरवाळलं. पुढे पोर तापलं. पण फोड दिसायच्या आधीच ते रोजच्यासारखं शेजारच्या पाळण्याशी जाऊन तान्ह्याचे मुके घेऊन आलं होतं.

बातमी कळताच भाऊ धावत आला. "एक निरोप धाडायचास ना, ताई! मी वाटच बघत होतो गं."

कुंभारणीचं पोर वाचलं. अंगावर वण राहिले. साळिणीचं तान्हं गेलं.

मामाच्या मांडीवर जावळ निघालं, तेव्हा कुंभारीण शेजारी बोलवायला गेली. साळीण तिला एक शब्दही लागेलसं बोलली नाही. पाळण्याची दोरी सोडवत ती एवढंच म्हणाली, "पोराला जप."

त्यानंतर दर हिवाळ्यात कुंभारीण म्हातारीच्या पुढे पुढे घरोघर फिरायची. शेजारचं दार आलं की मात्र तिची मान खाली जायची.

जाणती माणसं म्हणूनच सांगतात : आपल्या लेकराची राखण लांबणीवर टाकली, तर तिचं मोल शेजारच्या पाळण्याला मोजावं लागतं.