बाराची काच

करंजखेडच्या रणधीरराव महाराजांनी हुकूम सोडला : कापड रंगवायच्या रंगशाळेतल्या बंद कढईच्या काचेवर सहा कोरलंय, तिथे खंडेनवमीच्या आत बारा कोरा.

शेजारच्या संस्थानिकांची कढई दहाच्या दाबावर चालते, हे महाराजांच्या जिव्हारी लागलं होतं. ते शेजारी खंडेनवमीच्या यंत्रपूजेला पाहुणे म्हणून येणार होते.

सहा म्हणजे ती काच वाफेचा सहापर्यंतचा दाब सोसते, पुढे फुटते. आणि काचेला डोळा लावून आतला रंग पाहायचं काम होतं भिकाजी तांबटाचं. जाड काच मागवा, असं त्याने हात जोडून सांगितलं. ती यायला चार महिने लागतील, म्हणत दिवाण त्रिंबकपंतांनी दाखल्यावर सही ठोकली : काच बाराची. पंतांना कढईजवळ कधी कुणी पाहिलं नव्हतं.

भिकाजीच्या मुलीने, मंजुळाने, तो दाखला वाचला. मग बापाच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"छिन्नी माझ्याकडे द्या, आबा."

खंडेनवमीला काचेवर बारा झळकत होतं आणि दाबाचा काटाही बारावर होता. भिकाजी काचेला डोळा लावून निवांत उभा. पाहुणे काट्याकडे वळून वळून पाहत जेवायला गेले. महाराज फुलून गेले.

"मंजुळे, आता पंधरावर ने."

"तासभर लागेल, सरकार. काट्याखालची तबकडी उतरवून पुन्हा कोरावी लागेल."

महाराजांना उमगायला थोडा वेळ लागला. वाफ सहाचीच होती! पंत मात्र लगेच कडाडले, हा सरकारांशी दगा आहे.

"पंत," मंजुळा म्हणाली, "आकडा कोरल्याने काच बळकट होते, असं तुमची सही सांगते. मग आकडा कोरल्याने वाफ का वाढू नये? नसेल पटत तर खरा बारा चढवते. आबांच्या जागी तेवढा तुम्ही डोळा लावा."

पंत दाराशी सरकले.

महाराज मिशीवर हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो शेजाऱ्यांचा दहा... तो कुणी कोरला असेल गं?"

"दिवाण त्यांच्याकडेही असतीलच, सरकार."

महाराज इतके हसले की फेटा सुटला. जाड काच त्याच दिवशी मागवली गेली. मंजुळाला चांदीच्या मुठीची छिन्नी मिळाली, आणि रंगशाळेत तिच्या हाताशिवाय एकही आकडा कोरायचा नाही, असा हुकूम निघाला. त्यावर सही पंतांनाच करावी लागली.