नळातून आलेली वर्दी

"नळ फुटला, तर मला कळवलं का नाही?" हिरवेगडचा राजा गरजला.

शहराचा खापरी नळ राखणारे भिवबा मान खाली घालून उभे राहिले. बोलली ती त्यांची लेक सारजा. "सरकार, हुकूम तुमचाच! नळाला हात लावण्याआधी कचेरीत वर्दी द्यायची, होकार येईतो थांबायचं. आबांनी आखाजीला वर्दी दिली. आता दसरा आला!"

"विचार चालू आहे," नळकचेरीचे विसाजीपंत म्हणाले.

"विचार चालतोय अन् पाणी वाहतंय!"

राजा हट्टाला पेटला. "कचेरीला दिली म्हणजे मला दिली असं नव्हे! उद्या सकाळी वर्दी थेट माझ्यापाशी आली पाहिजे. कागद मी घेणार नाही, माणूस महालात सोडणार नाही. नाही जमलं, तर बापलेकींनी गाव सोडायचं!"

भिवबा फुटक्या नळाशी येऊन बसले. त्यावरून हात फिरवत म्हणाले, "माझ्या आज्यानं घातलाय गं हा. याला टाकून कुठं जाऊ?"

सारजा भगदाडाकडे बघत होती. काठावर एक बेडूक ऐटीत बसला होता.

"आबा, पहारेकऱ्याला न विचारता महालात कोण जातं?"

"कोण जाणार, पोरी?"

"पाणी!" सारजा हसली आणि तिनं मनगटावरचा लाल दोरा सोडला.

सकाळी राजा अंघोळीला महालातल्या हौदात उतरला. त्याच नळाच्या तोटीतून पाणी आलं आणि पाण्याबरोबर, डुबुक! राजाच्या पोटावर बेडूक, कमरेला लाल करदोटा!

"कोणाचा हा चावटपणा?"

देवडीवर सारजा वाटच बघत होती. तिला आत बोलावलं.

"ही आमची वर्दी, सरकार! कागद नाही, माणूस नाही. भगदाड केवढं, ते याच्या पोटावरून ओळखा. आज हा आला, उद्या साप येईल!"

राजा पटकन पाय वर घेऊन हौदाच्या काठावर बसला.

"पण महाराज," वर्दी ऐकून धावत आलेले विसाजीपंत कुरकुरले, "यानं कचेरीचा होकार कुठं घेतला?"

"म्हणून तर वेळेवर पोचला!" सारजा म्हणाली.

राजाला हसू आवरेना. "माग पोरी, काय हवं ते!"

"आबांना आत्ताच नळ सांधू द्या. आणि पुढं वर्दी दिल्यावर पंधरवड्यात कचेरीनं 'नाही' म्हटलं नाही, तर 'हो' समजायचं."

"दिलं! वर तुला सोन्याचे तोडे. आणि या बेडकाला काय द्यावं?"

"त्याला कचेरीत बसवा, सरकार! निदान पावसाळ्यात तरी तिथं कोणी तोंड उघडेल!"

राजा पोट धरून हसत पुन्हा हौदात बसला.