हवेलीतली रडणारी बाई

फार फार वर्षांपूर्वी, सात समुद्रांपलीकडच्या एका धुक्याच्या देशात, नदीकाठी मेंढपाळांचं आणि विणकरांचं एक लहानसं गाव होतं. गावामागे टेकडी होती आणि टेकडीवर एक भलीमोठी दगडी हवेली. तिला बारा धुरांडी होती, पण त्यातल्या एकातूनही धूर निघत नसे. मालक केव्हाच देश सोडून गेले होते. दाराला साधं कुलूपसुद्धा नव्हतं. ते लावायची गरजच पडली नाही, कारण हवेलीत भूत होतं.

भूत आहे हे गावाला सांगितलं होतं लोकर कातणाऱ्या आजीने.

आजी तरुणपणी त्याच हवेलीत झाडलोट करायची. तिथल्या बाईसाहेब फार मायाळू होत्या. एका वर्षी गावात तापाची साथ आली, तेव्हा त्या घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या, आणि शेवटी त्याच तापाने गेल्या. पुढे हवेली ओस पडली. गावातली पोरं तिच्या मोडक्या छपरावर चढू लागली. एक पोरगी पडली, तिचा पाय मोडला. तेव्हा पोरांना धाक बसावा म्हणून आजी सहज बोलून गेली, “वर जाऊ नका रे. आत पांढऱ्या कपड्यांतली बाई रडत फिरते.”

पोरं जायची थांबली. तिथेच ती गोष्ट संपायला हवी होती.

पण हिवाळ्यात शेकोटीभोवती मोठी माणसंही विचारू लागली, “आजी, ती बाई का गं रडते?” ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारले की आजीला बरं वाटे. म्हणून तिने दरवर्षी थोडी भर घातली. एक मुंडकं नसलेला घोडेस्वार आला. आपोआप वाजणारी वीणा आली. शेवटी तर ती म्हणाली, “त्या दारातून आत गेलेला माणूस माघारी येत नाही.” बघता बघता लोक टेकडीची वाटसुद्धा विसरले. आणि ज्या बाईसाहेबांनी गावासाठी जीव दिला होता, त्यांच्याच भुताच्या नावाने आया लेकरांना भिववू लागल्या.

एका वर्षी वसंताच्या तोंडाशी डोंगरावरचं बर्फ एकाएकी वितळलं. त्यात तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी नदीचा बांध फुटला.

पाणी गल्ल्यांमधून घरांत शिरलं. लोक लेकरं, मेंढ्या, म्हातारेकोतारे घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गोळा झाले आणि तिथेच थबकले. वर हवेली उभी होती. तिच्या भिंती जाड होत्या, तिच्यात सगळं गाव मावलं असतं. पण पुढे पाऊल टाकायला कोणी तयार होईना. पाणी घोट्यावरून पोटरीवर आलं. लोहाराची बायको अकरा दिवसांचं बाळ छातीशी धरून थंडीने कुडकुडत होती.

आजीने ते पाहिलं आणि ती गर्दीतून पुढे आली.

“अरे, चला वर!” ती ओरडली. “भूत नाही तिथे. मी रचलं होतं ते सगळं. खोटं होतं!”

कोणी हललं नाही. लोहार म्हणाला, “आजी, आम्हाला धीर द्यायला बोलतेस तू. आत गेलेला माघारी येत नाही, हे तूच सांगितलंस. लहानपणापासून ऐकतोय मी.”

“मग मी जाते,” आजी म्हणाली, “आणि माघारी येऊन दाखवते.”

काठी टेकत ती एकटीच टेकडी चढली. दार ढकललं. आत अंधारं होतं, ओल होती, आणि कुठून तरी हुंदके ऐकू येत होते.

आजी उंबऱ्यातच थांबली. गोष्ट आपणच रचली, हे तिला ठाऊक होतं. पण तीच गोष्ट चाळीस हिवाळे सांगताना ती तिच्याही मनात घर करून बसली होती. परत फिरावं, असं तिला वाटलं. पण खालचं ते अकरा दिवसांचं बाळ डोळ्यांपुढून हलेना.

“बाईसाहेब,” ती हात जोडून म्हणाली, “मी तुमच्याविषयी फार वाईट बोलले. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण आज गावाला आत येऊ द्या.”

मग ती आवाजाच्या दिशेने चालत गेली. जिन्याजवळच्या खिडकीची काच फुटली होती आणि त्या फटीतून वारा घुसत होता. आजीने अंगावरची शाल काढून फटीत कोंबली. हुंदके थांबले.

आजी क्षणभर तिथेच टेकली आणि आधी रडली, मग हसली.

मग ती कामाला लागली. मोडक्या खुर्च्यांची लाकडं मोठ्या चुलीत घातली. चकमक झाडून जाळ केला. धुरांड्यात पाखरांची जुनी घरटी अडकली होती, म्हणून धूर उलटा अंगावर आला. काठीने ढोसून ढोसून तिने ती खाली पाडली, आणि ढीगभर काजळी तिच्यावर कोसळली.

खाली लोकांना हवेलीच्या धुरांड्यातून धूर निघताना दिसला. पाठोपाठ दारात एक काळीकुट्ट आकृती उभी राहिली, आणि सगळे किंचाळले.

“अरे, मी आहे मी!” ती आकृती ठसकत ओरडली. “भुताला कधी खोकला होतो का रे?”

लोहाराची बायको इतक्या भीतीतही खुदकन हसली. बाळाला घट्ट धरून ती टेकडी चढू लागली. “अगं, थांब!” म्हणत लोहार तिच्यामागे धावला. त्याच्यामागे विणकर निघाले, मेंढपाळ निघाले, आंधळ्या सासऱ्याला पाठीवर घेऊन एक सून निघाली. शेवटची मेंढी दारातून आत आली, तेव्हा पायथा छातीभर पाण्याखाली गेला होता.

दुपारपर्यंत गावातलं एकेक घर पडताना वरून दिसत होतं. माणसं मोजली. एकही कमी नव्हतं! लोकांनी असा जल्लोष केला की हवेलीच्या भिंती दणाणल्या. त्यांनी आजीला खांद्यावर उचललं.

“मला खाली ठेवा,” ती म्हणाली. “आधी हे घर कोणाचं होतं ते ऐका.” आणि तिने बाईसाहेबांची खरी हकिकत सांगितली. तापाची साथ, उशाशी बसून काढलेली दुखणी, सगळं सांगितलं. स्वतःची चूकही लपवली नाही. जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पूर ओसरल्यावर गाव पुन्हा बांधलं गेलं, या वेळी टेकडीच्या अंगावर. बाराही धुरांडी साफ झाली. पुढे आसपासच्या कुठल्याही गावावर संकट आलं की लोक मुलांना म्हणत, “घाबरू नका, बाईसाहेबांच्या घरी जाऊ.”

बाळगोपाळांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: खोटी भीती ज्याने पेरली असेल, त्याने ती आधी स्वतः ओलांडून दाखवावी, तेव्हाच इतरांना वाट मोकळी होते.