दिवाणसाहेबांचा बिहेस्ट

धोंडीराम सखाराम जिनगर, वय वर्षे एकाहत्तर, सोनवड संस्थानच्या वाचनालयातील पुस्तके बांधता बांधताच इंग्रजी शिकले होते. तेथे आता दिवाणसाहेबांचा क्लब होणार, हे भर दरबारात ऐकताच ते उठून पुढे आले.

"सरकार, वाचनालय सर्वांना कायम खुले ठेवण्याचे वचन आपणच दिले होते," ते दिवाणांना कसेबसे म्हणाले.

"वचन?" दिवाण हसले. "दारावरची पाटी वाचा. 'आमच्या बिहेस्टने कायम खुले.' बिहेस्ट म्हणजे आज्ञा, जिनगर! आज्ञा माझी होती, मी ती मागे घेतो. तुम्ही पुस्तकं शिवा, अर्थ सांगू नका."

दरबार खदखदून हसला. धोंडीरामांनी राजेसाहेबांच्या परवानगीने इंग्रजीचा मोठा कोश मागवला आणि नेमके पान उघडून त्यांच्यापुढे धरले.

"आज्ञा हा अर्थ मागाहून आला, महाराज. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वचन असाच होता."

राजेसाहेबांनी वाचले आणि थक्क होऊन दिवाणांकडे पाहिले.

"मूळ अर्थ हल्ली कोण बघतो?" दिवाण गरजले.

"नका बघू, सरकार. पण वचन मोडणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात, तो शब्दही याच कोशात आहे. त्याचा अर्थ मात्र अजून बदललेला नाही. वाचून दाखवू?"

दिवाणांनी घाईने पुढे होऊन कोश मिटला.

दुसऱ्या दिवशी वाचनालय नेहमीच्या वेळी उघडले, आणि तेव्हापासून दिवाणसाहेबांचे सारे हुकूम मराठीतून निघू लागले.