माळजाईचा मान आणि एरंडेलाची वाटी

कातरखडीच्या माळजाईचे देऊळ फारसे पाहण्यासारखे नाही. कळस बुटका, ओवऱ्या पडक्या, आणि देवीचा शेंदूर दर पावसाळ्यात गळ्यापर्यंत ओघळतो. पाहुणे येतात ते देवळासमोरच्या दगडी कट्ट्यासाठी. या कट्ट्यावर चैत्री पौर्णिमेला, जत्रेचा नैवेद्य दाखवण्याआधी, मानकऱ्याला साऱ्या गावादेखत वाटीभर एरंडेल प्यावे लागते. प्यायल्याशिवाय त्याला नैवेद्याचे ताट उचलता येत नाही, आणि प्यायल्यावर ताटातली पुरणपोळी त्याच्या फारशी उपयोगाची राहत नाही. दुसऱ्या गावांत पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून डोकी फुटतात. कातरखडीत मानावरून आजवर कोणी कोणाला कोपरसुद्धा लावलेले नाही.

अलीकडे शहरातले लोक रिकाम्या बाटल्या घेऊन येतात. इथल्या तेलाने टकलावर केस उगवतात, आठवड्यात वजन उतरते, चेहरा उजळतो, असे त्यांना कोणीतरी पटवून दिलेले असते. देवळाचे गुरव लखूतात्या आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "केस येत असते तर मी असा असतो व्हय?" तरी पाहुणे बाटली पुढे करतात. मागे एका शहाण्याने झाडाखालची बी उचलून थेट तोंडाकडे नेली. तात्यांनी त्याच्या हातावर फटका मारला. "बी इखारी हाय. तेल वायलं आन् बी वायली. एवढंबी ठावं न्हाई, आन् निघाले औषध शोधाय!" मग ते कट्ट्यावर बसतात, नाक शिंकरतात आणि सुभानजी पाटलाची गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी कातरखडीची पाटीलकी या सुभानजीकडे होती, असे सांगतात. त्याचा पराक्रम विचाराल तर तो घराण्याच्या थोरल्या पातीत, म्हणजे थोरल्या शाखेत जन्मला, एवढाच. पण त्या एका गोष्टीचा त्याला असा ताठा की, वाटेत बैल आडवा आला तरी बैलानेच बाजूला व्हावे अशी त्याची अपेक्षा असे. माळजाईच्या नैवेद्याचा मान थोरल्या पातीचा. जत्रेच्या दिवशी मानकऱ्याने ताट उचलून गाभाऱ्यात न्यायचे, देवीपुढे लोटांगण घालायचे आणि बाहेर येऊन पहिला घास सर्वांसमोर खायचा. ज्याला एखाद्या वर्षी हे जमणार नाही त्याचा मान कायमचा दुसऱ्या पातीकडे जाई. सुभानजीला वाटे की देवी त्याच्यासाठीच वर्षभर उपाशी बसते.

गावाची जमीन मुरमाड. ज्वारी कशीबशी हाती लागे, पण बांधाबांधावर एरंड मात्र माजून उभा असे. बायका त्याच्या बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात रटरटा उकळायच्या आणि वर आलेले तेल अलगद काढून पुन्हा आटवायच्या. त्या तेलाने तान्ह्या पोरांची टाळू भरायची, बाळंतिणीची कंबर चोळायची, टाचांच्या भेगा मऊ करायच्या. संधिवाताने आखडलेल्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर एरंडाचे पान तेल लावून, गरम करून बांधायचे. कोठा बसला, पोट साफ होईना, तर सुंठीच्या काढ्यातून घोटभर पाजायचे. दिवा त्याच तेलाचा, आणि दिव्यावर धरलेले काजळही त्याचेच. एवढे सगळे फुकट मिळत असल्यामुळे गावाला त्याची काडीची किंमत नव्हती.

सुभानजीने लेकीचे लग्न नदीकाठच्या एका बागायतदाराकडे लावून दिले. जेवणाच्या पंगतीत तो व्याह्याला आपल्या घराण्याचे मोठेपण सांगत बसला. आजोबांनी अमुक केले, पणजोबांनी तमुक केले, अख्ख्या खोऱ्यात आपला शब्द चालतो. व्याही ऐकत होता आणि बांधाबांधावरचा एरंड पाहत होता. हात धुता धुता तो हसून म्हणाला, "ओसाड गावी एरंड बळी म्हणत्यात, ते काय खोटं न्हाई." वऱ्हाडी असे हसले की कोणाच्या नाकात कढी गेली. सुभानजीने मान वळवून पाहिले तर त्याचा चुलतभाऊ दौलतजी, धाकट्या पातीचा, सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

तो शब्द सुभानजीला असा झोंबला की त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. शहाण्या माणसाने मनात म्हटले असते की आपण जरा कमी बोलावे. सुभानजीच्या डोक्यात वेगळेच आले. गावात एरंडच उरला नाही तर म्हण कशी लागू पडेल? त्याने चावडीवर गाव जमवले आणि दोन घटका भाषण ठोकले. एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात ते हेच. शेवटी म्हणाला, "एरंडेल गुरांनी प्यावं, न्हाईतर रडव्या पोरांनी. पाटलाच्या कोठ्याला तूप पचतं." आणि सगळ्यांदेखत जमिनीवर थुंकला. गावातला एरंड मुळासकट उपटायचा, असा हुकूम झाला.

गावाने काय केले? गावाने कुदळी उचलल्या. ज्या तेलावर सगळे वाढले होते त्याची झाडे उपटून त्यांनी ओढ्यात टाकली, आणि संध्याकाळी पाटलाच्या ओसरीवर बसून तंबाखू खाल्ली.

एकच घर अडले. ठकू सुईण गावाच्या टोकाला राहत असे. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मलेले, पण देवळाच्या पहिल्या पायरीच्या वर तिला येऊ देत नसत. तिच्या परसात एरंडाची चार झाडे होती. माणसे कुदळी घेऊन आली तेव्हा ती झाडाखाली बसली होती. पुढच्या गड्याला म्हणाली, "उपट की. तुझी बायकू दिवसांत हाय न्हवं? तिला सोडवायला पाटलालाच बोलीव." गडी आल्या पावली परत गेला. पाटलाला खोटेच सांगण्यात आले की, तिथली झाडे आधीच वाळली आहेत.

वर्ष गेले. टाचांच्या भेगांतून रक्त येऊ लागले, म्हातारे गुडघे धरून बसले, पोरे पोट धरून रडू लागली. बायका अंधार पडल्यावर पदराखाली वाटी लपवून ठकूकडे जात. ठकू देई, आणि वर चार शिव्याही देई. पाटलाला यातले काही दिसले नाही. त्याच्या घरी तूप होते.

आणि मग तूपच अंगाशी आले. शिमग्यापासून सोयऱ्याधायऱ्यांच्या पंगती सुरू झाल्या. पोळ्या, बासुंदी, वर तुपाची धार. सुभानजीचा कोठा जो बसला तो सुटेना. हिरडा झाला, सोनामुखी झाली, गरम दुधातून तूपही घेऊन झाले. पोट नगाऱ्यासारखे फुगले. वैद्याने नाडी पाहून सांगितले, "पाटील, एरंडेल घ्या." पाटलाने त्याला जोड्यासकट बाहेर काढले. जत्रा तोंडावर आली तेव्हा त्याला वाकून वहाण घालता येत नव्हती. लोटांगण काय घालणार आणि घास कसा गिळणार? तिकडे दौलतजीने नवा फेटा आणल्याची बातमी आली. व्याहीही जत्रेला येणार होता. शेजारच्या गावात तेलासाठी माणूस धाडावा, तर माणसाआधी बातमी व्याह्याच्या दारात पोचली असती. थोरल्या पातीचा मान आपल्या पोटापायी जाणार, हे सुभानजीला लख्ख दिसू लागले. पोटातल्या कळेपेक्षा ती कळ मोठी होती.

अखेर ठकूकडे तेल मिळते हे पाटलीणबाईंनीच त्याला सांगितले, आणि त्याने त्यांना गुपचूप तिच्याकडे पाठवले. ठकू म्हणाली, "तुमाला पायजे तर घागरभर देते, पाटलीणबाई. त्येंला पायजे आसंल तर त्येंनी कट्ट्यावर यावं. चारचौघांत थुंकलं, आता चारचौघांत चाटावं." पाटलीणबाईंनी निरोप जसाच्या तसा आणला. सुभानजी ओरडायला गेला, पण कळ आली म्हणून अर्ध्यावरच थांबला. पाटलीणबाई म्हणाल्या, "न्हाई प्याला तर मराल. आन् लढाईत मेला म्हणून कोन सांगनार न्हाई." सुभानजीने बायकोकडे पाहिले. हिच्या तोंडून असा शब्द त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

जत्रेच्या सकाळी सुभानजी कट्ट्यावर आला. सारे गाव जमले होते. व्याही पुढच्या रांगेत, दौलतजी नव्या फेट्यात. ठकू वाटी घेऊन पायरीखाली उभी होती. तिने वाटी वर केली आणि सुभानजीला ती घ्यायला खाली वाकावे लागले. वाकताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. त्याने डोळे मिटले आणि प्यायला. तेल जाड, गुळमट, घशाला चिकटणारे. अर्धे मिशीतच अडकले. दौलतजी म्हणाला, "पाटील, आता पाळण्यात घालू का?" आणि गाव हसले. ज्या गावाने निमूट कुदळी उचलल्या होत्या, तेच गाव आता पोट धरून हसत होते.

पूजा लांबली. गोंधळी रंगात आले, आरत्या संपता संपेनात. दुपार कलली आणि नेमके ताट उचलायच्या वेळी सुभानजीचा चेहरा पालटला. त्याने ताट खाली ठेवले, धोतर दोन्ही हातांनी सावरले आणि ओढ्याच्या दिशेने पळत सुटला. पागोटे वाटेत पडले, ते उचलायलाही थांबला नाही. असे हसू कातरखडीत त्याआधी झाले नव्हते आणि त्यानंतरही झाले नाही, असे सांगतात.

ओढ्याकाठी सुभानजी बराच वेळ बसला. कित्येक दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. वारा गोड लागला. खरे तर त्याने तिथेच त्या म्हाताऱ्या सुईणीला हात जोडायला हवे होते. पण बरे वाटू लागताच त्याला पहिली आठवण झाली ती दौलतजीच्या हसण्याची. तो तरातरा परत आला. पाहतो तर दौलतजी ताटाला हात घालत होता.

"थांब!" सुभानजी गरजला. "वढ्याकाठी आईनं मला दिष्टांत दिला. आजपासनं ज्येला मान पायजे त्येनं आदी ही वाटी प्यायची. समद्यांदेखत. ह्यो आईचा हुकूम हाय. मी प्यालो. आता तू पी."

दृष्टान्त कसला आणि हुकूम कसला! आपण नागवे झालो तर दुसऱ्यानेही व्हावे, एवढीच त्या थोर माणसाची भक्ती. पण देवीचे नाव घेतल्यावर हसणार कोण? दौलतजीने वाटीकडे पाहिले, मग जत्रेला आलेल्या आपल्या सासुरवाडीच्या पाहुण्यांकडे पाहिले. "मला आज उपास हाय," तो म्हणाला आणि ताटापासून दूर झाला. तिसऱ्या पातीच्या माणसाला एकाएकी बैलांना पाणी दाखवायचे आठवले. चौथ्याला खोकला आला. ताट तसेच पडून राहिले आणि पुरणावर माश्या बसू लागल्या.

"सरा," पायरीखालून आवाज आला. ठकूने स्वतःच वाटी भरली, ताक प्यावे तशी प्यायली, पदराने ओठ पुसले आणि पायरी चढली. गुरव आडवा आला. सगळ्यांनी सुभानजीकडे पाहिले.

तिला अडवायला एक शब्द पुरला असता. पण दृष्टान्त खोटा म्हणावा, तर आपण कोण उरलो? धोतर धरून ओढ्याकडे पळालेला एक माणूस. आणि खरा म्हणावा, तर ही सुईण वाटी पिऊन समोर उभी.  सुभानजी आयुष्यात पहिल्यांदा बाजूला झाला.

ठकू ताट घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा रिवाजाप्रमाणे पहिला घास तिचा होता. तिने तो मोडला, पण खाल्ला नाही. नुकत्या जन्मलेल्या सुभानजीची टाळू तिनेच भरली होती. तिने घास त्याच्यापुढे धरला. "घ्या पाटील," ती म्हणाली, "आता पचंल."

किती दिवसांचा उपाशी माणूस तो. त्याने तो तिच्या हातून खाल्ला, आणि खाताना तो रडला, असे म्हणतात. काही जण म्हणतात की तो रागाने रडला. लखूतात्यांचेही मत तेच आहे.

पाटीलकी केव्हाच गेली. बांधांवर एरंड पुन्हा माजला आहे. चैत्री पौर्णिमेला आजही त्या पायरीवर कोणाला अडवत नाहीत. पात विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. मागे एक पुढारी गाड्यांचा ताफा घेऊन मान घ्यायला आले होते. वाटी पाहताच त्यांना दुसऱ्या गावचे उद्घाटन आठवले. आजही लखूतात्या कट्ट्यावर उभे राहून विचारतात, "कोण पिणार?" आणि मोठमोठे फेटेवाले आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागतात.  मग मागच्या गर्दीतून कोणीतरी बाई पदर खोचून पुढे येते.