लोकरीची सरी

माणदेशातल्या बोरखिंडीत, टेकाई देवीच्या देवळाबाहेरच्या लिंबाखाली श्री यमाजी महाराज बारा वर्षे राहिले. अंथरायला एक जेन, पांघरायला तीच. जेन म्हणजे लोकर पाण्याने भिजवून, रगडून, लाटून घट्ट केलेले जाड अंथरूण. महाराजांची जेन म्हाकू धनगरिणीने केली होती. मोठे अंथरूण करून उरलेल्या लोकरीचे ती दागिनेही घडवी. तळहातावर मणी वळी, पळसाच्या फुलांच्या पाण्यात पिवळे करी, मधूनमधून पितळेच्या बारीक कड्या ओवी. कुणी मागितले नव्हते, हात स्वस्थ बसत नसत इतकेच.

एका वर्षी नवरात्रात म्हाकूच्या दीड वर्षाच्या बानूला ताप भरला. वैद्याच्या काढ्याने उतरेना, चौथ्या दिवशी मुलीचे डोळे फिरले. म्हाकूने तिथेच देवीला शब्द दिला, "माझी बानू राख. अष्टमीच्या आरतीला माझ्या हातची सरी तुझ्या गळ्यात घालीन."

सरी म्हणजे गळ्यातले गोल कडे, मागे कडीने अडकवायचे. लोकर आटते, म्हणून जेन करणारी बाई माप नेहमी दीडपट धरते. म्हाकूनेही पुजाऱ्याकडून देवीच्या गळ्याच्या मापाचा दोरा आणून तसेच धरले. पण सप्तमीच्या दुपारी ती कढत पाण्यात सरी रगडत होती आणि सारे लक्ष बानूच्या झोळीकडे होते. श्वास लागतोय का? मघाशी हालली, आता का हालत नाही? चार वेळा उठली, चार वेळा बसली. पाचव्यांदा पाहते तो सरी दोऱ्यापेक्षा चार बोटे आखूड झालेली. जमलेली लोकर पुन्हा सुटत नाही. नवी पिंजून घडवायला दोन दिवस लागतात, आणि अष्टमी उद्यावर आली होती.

मुलीला पाठीशी बांधून ती लिंबाखाली धावली.

"महाराज, आटली ओ. पार आटली. देवीच्या गळ्याला येत न्हाई."

महाराजांनी सरी हातात घेतली, बोटांनी दाबून पाहिली.

"अजून कच्ची आहे. आणखी रगड."

"आणखी रगडली तर बाहुलीला बी व्हायची न्हाई."

"माप तू नको बघू, बाई. हात चालव."

म्हाकूला रडू आले, रागही आला. पण घरी येऊन तिने रगडायला घेतले. एक हात लोकरीवर, एक झोळीच्या दोरीवर. सरी आणखी आटली, दगडासारखी घट्ट झाली.

अष्टमीला दुपारी देऊळ भरले. दाजीशेट पोतदारांनी देवीसाठी भरीव सोन्याची सरी घडवली होती आणि मखमलीवर ठेवून ते ती सगळ्यांना दाखवत होते. म्हाकूच्या हातातले पिवळे कडे त्यांच्या नजरेस पडले.

"काय गं म्हाकू, देवीचं आहे, की तुझ्या कोकराचं?"

लोक हसले.

"शेट, नवस हाय माझा."

"मग नवस मेंढीला बोलायचा. मेंढीची लोकर, मेंढीचा गळा, मापातही बसेल."

म्हाकूने मान खाली घातली. कुशीतली बानू निखाऱ्यासारखी पोळत होती. देवीच्या गळ्यात सरी बसली नाही तर शब्द मोडला, आणि शब्द मोडला तर... त्यापुढे तिने मनाला जाऊ दिले नाही.

पुजाऱ्याने आरतीआधी देवीच्या अंगाला तेल लावायला हात घातला आणि थबकला. खांद्यापाशी बारीक तडा गेला होता. बघता बघता पिढ्यानपिढ्यांच्या शेंदराचे जाड कवच ढासळून खाली आले. आत काळ्याभोर दगडाची, बारीक गळ्याची टेकाई उभी होती. गावातल्या कुणाच्या आजीनेही पाहिले नव्हते असे रूप!

"देवीनं कवच टाकलं," कुणीतरी पुटपुटले.

दाजीशेटांनी सोन्याची सरी पुढे केली. पुजाऱ्याने घातली, ती खांद्यांवरून घसरून देवीच्या पायांशी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. भरीव सोने जागच्या जागी लहान कसे करणार? इकडे आरतीची वेळ टळत होती, आणि बोरखिंडीत देवीची आरती उघड्या गळ्याने होत नाही.

दारातून महाराज म्हणाले, "म्हाकू, जा. तुझ्या हातानं घाल."

तिने बानूला एका हाताने छातीशी धरले आणि दुसऱ्या हाताने सरी देवीच्या गळ्याभोवती फिरवून मागची कडी अडकवली. धड सैल नाही, धड घट्ट नाही. जणू देवीने रात्रभर तिच्याजवळ बसून माप दिले होते.

आरती सुरू झाली. सगळे देवीकडे पाहत होते, म्हाकू मात्र नाही. तिचा तळवा मुलीच्या कपाळावर होता. कपाळ ओले लागले. मानही ओली. बानूला दरदरून घाम सुटला होता. तिने डोळे उघडले, आईचा पदर ओढला आणि पिण्यासाठी तोंड वळवले. इतक्या दिवसांनी म्हाकू भिंतीला टेकून नीट बसली.

आरती संपल्यावर दाजीशेट सोन्याची सरी घेऊन महाराजांपुढे आले. आवाज उतरला होता.

"महाराज, माझं देवीनं परत केलं."

"परत नाही केलं. ठेवून दे. देवी पुन्हा शेंदूर घेईल, अंग भरेल, तेव्हा तुझंही बसेल. आज तिला हिचं हवं होतं."

दाजीशेट वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि भिंतीशी बसलेल्या म्हाकूकडे बोट केले.

शेटांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिले. मग पगडी काढून त्यांनी तिच्यापुढे जमिनीला डोके टेकले.

"पोर कशी आहे, बाई?" त्यांनी विचारले.

"पितीय," म्हाकू म्हणाली, आणि पदर सावरला.