धाकलू नावाड्याशी हुज्जत

शर्वरीनं संगणकाच्या खेळात एक नदी केली आणि नदीवर धाकलू नावाडी बसवला. त्याची उत्तरं कुणी लिहून दिलेली नव्हती, तो आपल्या मनानंच बोलायचा. आणि बोलायचा असा, की खेळणारे पलीकडे जायचं विसरून त्याच्याशी गप्पाच हाणत बसायचे. नेमकं हेच मालकांना, म्हणजे संझगिरीसाहेबांना खुपलं. धाकलूला खेळातून पुसून टाकायचंच म्हणून ते स्वतः राजाचा मुकुट चढवून खेळात शिरले. शर्वरी त्यांच्या खुर्चीमागं जीव मुठीत धरून उभी.

"चल, पलीकडे ने."

"नेतो की. कुणाकडचे पाव्हणे?"

"मी मालक आहे तुझा!"

"असाल. पण निघालात कुणाकडं?"

"यंत्र आहेस तू! यंत्राशी मी वाद घालत नाही!" साहेब टेबलावर हात आपटत किंचाळले.

"मग मघापासून ओरडताय कुणावर, महाराज?"

अख्खं ऑफिस हसलं. शर्वरीलाही हसू फुटलं, आणि तिथंच घात झाला. लालबुंद झालेल्या साहेबांनी बटण दाबलं. धाकलू गेला. रिकामी नाव नुसती डुलत राहिली. शर्वरीला रडूसुद्धा येईना.

साहेब मात्र अजून पडद्यापुढं बोट नाचवत होते, "पळतोस कुठं? आधी माझं ऐकून घे!"